निळ्या कपड्यांतली मुलगी

"तात्या, लावा ना चॅनल! सुरू पण झालं असेल." हर्षद ओटीवरूनच ओरडला आणि चपला कशाबशा भिरकावून आत आला. शेजारीच त्याचं होमस्टे होतं. पाहुण्यांना चहा देऊन तो तसाच पळत आला होता.

तात्यांनी रिमोट हातात घट्ट धरून ठेवला होता. संध्याकाळच्या शिकवणीची मुलं आज वह्या न उघडताच टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. त्यांच्या मागे, दाराला टेकून, आवडाबाई. त्या तात्यांच्या वाडीत सुपारी सोलायला यायच्या. आज त्यांची लेक जागृती मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यात लढायला उतरणार होती, आणि ते पहिल्यांदाच घरोघरी दिसणाऱ्या चॅनलवर दाखवणार होते.

"ही घरच्या टीव्हीवर दाखवायची गोष्ट आहे का?" तात्या म्हणाले. "लाथा न् बुक्के. तेही दिवेलागणीला."

"मोबाइलवर बघतातच की सगळी. चोरून बघण्यापेक्षा तुमच्यासमोर बघितलेलं काय वाईट? आणि आपल्या गावची पोरगी आहे, तात्या. तिकडे बोर्लीत लोक दुकानं बंद करून बसलेत."

"मी आत्ताच बोर्लीहून मेथी घेऊन आलो. सगळी दुकानं उघडी आहेत."

मुलं खुदकन हसली. तात्यांनाही हसू आलं. जागृतीचा हात धरून त्यांनीच तिच्याकडून 'अ' गिरवून घेतला होता.

"लावतो. पण रक्त दिसलं की बंद."

पडद्यावर लाल कपड्यांत जागृती होती आणि समोर निळ्या कपड्यांतली कुणी लांबच्या राज्यातली मुलगी. दोघी एकमेकींभोवती फिरल्या. मग निळीचा ठोसा असा आला, की कुणाला कळलाही नाही. जागृतीच्या नाकातून लाल धार लागली.

तात्यांनी टीव्ही बंद केला.

मागून, दाराशी आवाज आला.

"चालू करा, तात्या. पोर माजी तिकडं मार खाते हाय, आनि मी इथं काला पडदा बघत बसू व्हय?"

"आवडाबाई, तुम्हाला बघवेल?"

"बघवत न्हाय. पन लावा."

तात्यांनी टीव्ही लावला.

तेवढ्यात सगळंच बदललं होतं. जागृती पाठीवर पडली होती. निळीने तिचा उजवा हात दोन्ही मांड्यांत अडकवून कोपरापासून मागे ताणला होता.

"सुटेल, सुटेल!" हर्षद उभाच राहिला. "जागू, हार नको मानूस!"

"आता काय होणार गं?" तात्यांनी शेजारी बसलेल्या नातीला विचारलं.

"हरले म्हणायचं असेल तर हाताने थाप द्यायची, आजोबा. मग समोरचीने सोडायचं." क्षिप्राचा आवाज बारीक झाला. "जागूताई थाप देत नाही. मागच्या वेळी पण दिली नव्हती. तेव्हाच तर खांदा निखळला."

तो अख्खा पावसाळा आवडाबाईंनी वीस वर्षांच्या लेकीला घास भरवला होता. तात्यांनी मागे पाहिलं. आवडाबाई गुडघ्यांवर आल्या होत्या.

"थाप दे गं बाय," त्या पडद्याला सांगत होत्या. "दे ना गं. कोन काय बोलनार न्हाय तुला. दे थाप."

हर्षद ओरडायचा थांबला.

कोपर आणखी मागे गेलं. जागृतीचा मोकळा हात वर उठला आणि तसाच हवेत राहिला. तात्यांचं बोट बटणावर होतं, पण ते दाबवेना.

मग तो हात निळीच्या पोटरीवर टेकला. एकदा हलकेच, आणि पुन्हा एकदा.

पंच दुसऱ्या बाजूला होता. त्याला ती थाप दिसली नाही. तो तसाच वाकून जागृतीचं तोंड बघत राहिला.

निळीने मात्र हात सोडून दिला होता.

"अरे, पंचाने थांबवलं नाही अजून!" हर्षद म्हणाला. "आता जागूने थाप दिलीच नाही म्हटलं तर? खेळ चालू राहील. त्या मुलीची गेली ना हातातली कुस्ती!"

पंचाने जागृतीकडे पाहून काहीतरी विचारलं. जागृती उठून बसली. नाकाखालचं रक्त मनगटाने पुसत तिने मान हलवली. दिली, थाप दिली. मग तोच उजवा हात तिने कोपरातून वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला. धड होता.

पंचाने निळीचा हात उंच केला.

लढाई ऐन भरात असताना अंगावरची एक हलकी थाप ओळखायची, आणि कुणी सांगायच्या आत सोडायचं. हे त्या पोरीकडून कुणी घोटून घेतलं असेल? कुठल्या गावी, कुठल्या पत्र्याच्या शेडखाली? कधीही न भेटणाऱ्या त्या शिक्षकाला तात्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

पडद्यावर आता नुसता निळ्या मुलीचा चेहरा होता. घामाने चिंब, एक डोळा सुजून मिटत आलेला. समालोचक भराभरा तिच्याबद्दल काही सांगत होता.

आवडाबाई उठल्या. मुलांमधून वाट काढत टीव्हीपाशी गेल्या.

"कुनाची गं तू, बाय?" त्या म्हणाल्या.

सुपारी सोलून काळी पडलेली दोन्ही हातांची बोटं त्यांनी काचेवरून, तिच्या गालांवरून खाली उतरवली आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली. तोवर पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती.

एकही मूल हसलं नाही.