पक्ष्यांच्या झाडावरची मगर

भिंतीवरच्या जुन्या फोटोत सगळं घर गंभीर उभं आहे. माझेच तेवढे सगळे दात दिसतात. नातवंडं अजून हसतात त्याला.

बाबा पक्ष्यांचे शास्त्रज्ञ होते. कोणता पक्षी कुणाचा जवळचा नातेवाईक, हे हाडं तपासून ठरवायचे आणि त्या नात्यांचं झाड कागदावर पेन्सिलीने काढायचे. मी त्या घरात दत्तक आले त्या वर्षी, झाडाच्या कडेच्या फांदीवर मला चक्क मगर दिसली.

"बाबा, पक्ष्यांत ही कशाला? ही तर बाहेरची." आत्या मला ‘बाहेरची’च म्हणायची, त्यामुळे शब्द तोंडात बसला होता. "खोडून टाका."

बाबांनी खोडरबर माझ्याच हातात दिला. मी मगर पुसली.

"आता सांग, यातली सगळ्यात जुनी फांदी कुठली? मूळ कुठे?"

मी कागद उलटसुलट करून पाहिला. सगळ्या फांद्या सारख्याच.

"अगं, आपसात ते कळतच नाही. बाहेरचं कुणीतरी शेजारी लागतं, त्याच्याशी ताडून पाहिलं की कुठली फांदी आधी फुटली ते कळतं. तेव्हा कुठे घरच्यांचं मूळ सापडतं." त्यांनी मगर पुन्हा काढली, या खेपेला जरा हसरी.

पुढच्याच आठवड्यात घरी फोटोग्राफर आला. "आधी घरच्यांचा होऊ दे हं," म्हणत आत्याने मला खांद्याला धरून बाजूला केलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला, तोच बाबांनी हात वर केला.

"जरा थांबा हो. आमची मगर राहिली."