लंगडं मशीन

दाराजवळचं मशीन लंगडं होतं. पायडल मारलं की दोनदा नीट खटखट करायचं आणि तिसऱ्यांदा अडखळायचं. म्हणूनच ते भागूबाईला दिलं होतं. काम सगळ्यांचं एकच, हॉस्पिटलच्या उशांचे अभ्रे शिवायचे. भागूबाईला त्याहून एक जास्त होतं. डोळ्यांत तेल घालून रस्त्याकडे बघायचं, आणि कुणी येताना दिसलं की पाय थांबवायचा. लंगड्याचा आवाज बंद पडला की सासूबाईंनी प्रार्थना तिथेच गिळून टाकायची.

भित्री भागूबाई म्हणता म्हणता सासूबाईंनी सुनेचं नावच ते पाडलं होतं, आणि नाव काही खोटं नव्हतं. कुत्रं भुंकलं तरी ती दार लावून घ्यायची. अशी बाई राखणीला बरी, हे सासूबाईंचं म्हणणं.

प्रार्थनामंदिराला कुलूप लागलं होतं. घरी जमून प्रार्थना करायलाही बंदी होती. तरी भागूबाईच्या नवऱ्यानं लोकांना जमवलं, म्हणून त्याला नेलं. नेलेलं माणूस परत आल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तेव्हापासून बायका इथे, शिवणाच्या खोलीत, भरदुपारी मशीनच्या खडखडाटाआड प्रार्थना करत. सासूबाईंना दिसायचं कमी, सुईत धागा ओवणं तर दूरच. त्यामुळे त्या मध्ये बसून अभ्र्यांच्या घड्या घालत आणि सगळ्यांच्या वतीनं बोलत.

“प्रभू, माझ्या लेकाला बळ दे,” त्या म्हणाल्या. “आणि त्याला घेऊन गेले त्यांचंही भलं कर.”

बायका हळूच आमेन म्हणाल्या. भागूबाईचं आमेन घशातच अडकलं. रोज इथेच अडकायचं. त्यांचं भलं? त्यांचं वाटोळं व्हावं, असंच तिला मनापासून वाटायचं, आणि तसं वाटलं की आपण प्रभूसमोर बसायच्या लायकीच्या नाही, असंही वाटायचं. आज काही झालं तरी म्हणायचंच, असं ठरवून तिनं डोळे घट्ट मिटले. पाय चालूच होते. ओठ हलले, पण शब्द येईना. तेवढ्यात रीळ संपलं, तेही तिला कळलं नाही.

“त्यांच्या लेकराबाळांनाही सुखी ठेव,” सासूबाई म्हणत होत्या. मग दारातला उजेड अडला आणि त्याच दमात त्या म्हणाल्या, “आणि टाके सरळ घाला गं, मागच्या वेळी बोलणी खाल्ली.”

भागूबाईनं डोळे उघडले. शेजारी अधिकारी उभा होता. नवऱ्याला न्यायला आला होता, तोच. दारात दोन शिपाई.

“चालू दे, चालू दे,” तो हसून म्हणाला.

मशीनं चालू राहिली. त्यानं तिच्या पुढ्यातला अभ्रा उचलून आत हात घातला. अभ्रा उकलला आणि दोन तुकडे त्याच्या हातात आले. त्यानं एक तुकडा खिडकीकडे धरला. कडेनं सुईची भोकं सरळ रांगेत पडली होती. धागा नव्हता.

“वा. बिनधाग्याची शिलाई.”

“डुलकी लागली असेल, साहेब,” सासूबाई म्हणाल्या. “नवरा घरात नाही. रात्र रात्र झोप नसते तिला.”

“झोपेत ओठ हलत होते?” तो भागूबाईकडे वाकला. आवाज अगदी मऊ होता. “कुणाशी बोलत होतीस? तू एकटीच, की ह्या सगळ्या?”

एकेक मशीन थांबलं. कोपऱ्यातल्या धाकट्या जावेनं मांडीवरचं कापड मुठीत धरलं. तिची मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती. आता आपल्याला रडू फुटणार आणि सगळ्यांची नावं तोंडातून भडाभडा बाहेर पडणार, अशी भागूबाईला स्वतःचीच भीती वाटली. तिनं मशीनची फळी गच्च धरली.

“प्रार्थना करत होते,” ती म्हणाली. “मी एकटीच. ह्यांना कामातून मान वर करायला सवड नाही, ह्या कसल्या प्रार्थना करतात.”

हे धडधडीत खोटं होतं. त्याचं काय ते देवाशी पुढे बोलू, असं तिनं मनात ठरवून टाकलं. नवल म्हणजे आवाज कापला नाही.

अधिकाऱ्यानं खोलीभर नजर फिरवली. सासूबाई उठायला लागल्या, तर भागूबाईनं जाऊन त्यांचा खांदा दाबला आणि त्यांना खाली बसवलं. सुनेनं सासूला गप्प बसवायची त्या घरातली ही पहिलीच वेळ.

“चल,” तो म्हणाला. “आणि तुम्ही, काम थांबवू नका. अभ्रे संध्याकाळपर्यंत पोचले पाहिजेत.”

“चपला घालून जा गं,” सासूबाई म्हणाल्या. “ऊन आहे.”

रस्त्यावर समोरच्या दुकानदारानं तिला पाहिलं आणि शटर ओढून घेतलं. पुढे मोटार उभी होती. मागे मशीनं सुरू झाली, एक, मग दुसरं, मग उरलेली. सगळ्यात शेवटी लंगडं सुरू झालं. दोनदा नीट, तिसऱ्यांदा अडखळत.

बाकीच्या आपापल्या जागी होत्या. म्हणजे लंगड्यावर सासूबाई बसल्या होत्या. आणि रीळ तर संपलेलं. नवं चढवून सुई ओवणं त्यांना बापजन्मात जमलं नसतं.

त्या प्रार्थनेच्या कुठल्या ओळीवर आल्या असतील, ते भागूबाईला ऐकू न येताही कळलं.

“आमेन,” ती म्हणाली.

अधिकारी थांबला. “काय म्हणालीस?”

“तुमच्यासाठी होतं,” ती म्हणाली.