उस्तादाची कॅसेट

जावातल्या क्लातेनच्या सरवोनोचा उस्ताद मुराई पक्षी गाण्याच्या सात स्पर्धा मारून कधीच मेला होता, पण त्याचं गाणं एका कॅसेटवर होतं. नव्या पिल्लाच्या पिंजऱ्यावर कापड टाकून शेजारी टेप लावला, की ते ऐकून ऐकून तेच गाणं उचलायचं. आज टेपनं ती कॅसेटच खाल्ली.

"आता तरी फेका ते डबडं," लेक विनार्ती म्हणाली. "फोनवर हजार मुराई गातात, बाबा."

"गात असतील. त्यात आपला आहे का?"

सरवोनोनं पेन्सिलीनं फीत गुंडाळली, चिकटपट्टी लावली. नुसती खरखर. मग तो उठला आणि गेल्या साली शिकवलेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्यावरचं कापड काढलं. पक्षी गायला लागला. तान न तान उस्तादाची, आणि शेवटी टेपचं बटण उडावं तसा गळ्यातून 'खट्ट'.

विनार्तीला हसू फुटलं. "बाबा, हा तर बटणसुद्धा गातोय."

"म्हणजे अख्खी कॅसेट उतरलीय." सरवोनोनं नव्या पिल्लाचा पिंजरा आणून त्याच्याशेजारी टांगला, वर कापड टाकलं. "आता ह्या टेपला चार नाकतोडे घाल, आणि फोन लांब ठेव."