बिनझाकणाची पिंपं

थोरल्या जावेने ओट्यावर पातेलं पालथं घातलं होतं आणि वरून हात दाबून धरला होता. अगदी शेगडीशेजारी.

"ये, बघ," ती धाकटीला म्हणाली. "वरून पाहुणा आलाय तुझा."

धाकटी गच्चीवरून तशीच धावत आली होती. हातात चाळणी, कोपरापर्यंत काळसर भुकटी. मागच्या दारात फवारणीवाला उभा होता, पाठीवर औषधाची टाकी घेऊन. त्याला थोरलीनेच बोलावलं होतं. सासूबाई खिडकीपाशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. या घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, आणि तो त्या सहजासहजी खर्च करत नसत.

गच्चीवरच्या खोलीत धाकटीने झुरळं पाळली होती. मोठमोठी प्लास्टिकची पिंपं, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले, आणि त्यांच्या फटीफटीत गडद तपकिरी, अंगठ्याच्या पेराएवढी झुरळं. गल्लीतल्या खानावळींमधून सालं, देठं, उरलंसुरलं ती रोज सकाळी स्वतः आणायची, निवडायची, मगच त्यांना घालायची. हा तिचा नेम होता. अंगात ताप असतानाही तो चुकला नव्हता. झुरळं खायची आणि खाली त्यांची कोरडी विष्ठा साठायची, चहाच्या भुकटीसारखी. ती चाळली की खत तयार. मूठभर झुरळांवर सुरुवात केली तेव्हा सगळ्या घराने नाकं मुरडली होती. आता रोपवाटिकेची मालकीण होईल तेवढं खत मागत होती. थोरलीच्या खिडकीतल्या मिरच्याही त्याच खतावर लगडल्या होत्या. खत डब्यातून गुपचूप खाली आलेलं तिला चालायचं. ते करणारी झुरळं मात्र डोळ्यांसमोर नकोत.

"वरच्या खोलीपासून सुरुवात करा," थोरली फवारणीवाल्याला म्हणाली. "एकदाचं संपू दे."

एकदा फवारलं की खरंच संपलं असतं. झुरळंही गेली असती आणि साठलेलं खतही.

"ताई, आधी मला बघू तरी द्या."

"त्यात बघायचंय काय? झुरळ ते झुरळ. तुझ्या पिंपांना झाकणं आहेत का, ते सांग."

"नाहीत."

"ऐकलंत ना, आई? स्वतःच्या तोंडाने सांगतेय. उघडीच ठेवते पिंपं."

"झाकणं लागत नाहीत, म्हणून नाहीत," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण ती दारातून हललीही नाही. "माझ्या झुरळांना गुळगुळीत भिंत चढता येत नाही. पाय घसरतात त्यांचे. पिल्लांचेसुद्धा."

"वा. तू सांगायचं आणि आम्ही माना डोलवायच्या."

"माना नका डोलवू. डोळे उघडे ठेवा, तेवढं पुरे."

तिने चाळणी खाली ठेवली. फडताळातून काचेचा पेला घेतला, कोरड्या फडक्याने पुसला. पातेल्याखाली एक पुठ्ठा सरकवला आणि झुरळ अलगद पेल्यात उतरवलं. फिकट रंगाचं, किडकिडीत, तिच्या झुरळांच्या निम्म्यानेही नसेल.

"एवढंसं आहे, म्हणजे पिल्लूच," थोरली म्हणाली. "तुझंच."

धाकटीने पेला ओट्याच्या मधोमध ठेवला. "हे वर चढलं नाही, तर माझं. मग मीच यांना गच्चीवर नेते आणि एकेक पिंप स्वतःच्या हाताने फवारायला पुढे करते. चढलं, तर त्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि काढलं तर?"

"तर पिंपं या ओट्यावर आणून ठेवीन."

फवारणीवाल्याने खोकल्याआड हसू लपवलं. "माझं काय, बाई. टाकी भरलेली आहे. कुठे रिकामी करायची, तेवढं ठरवा."

झुरळ पेल्याच्या तळाशी बसून राहिलं. मिशा तेवढ्या हलत होत्या. एकदा त्याने काचेला पाय लावला आणि मागे घेतला.

"बसलंय बिचारं," थोरली म्हणाली. "माहेरची आठवण येत असेल."

धाकटी पेल्यापाशी वाकली. पातेल्याखाली कोंडून ते अर्धमेलं झालं असेल तर? पेल्याला नुसती टिचकी मारली असती तरी ते हललं असतं. पण मग थोरली म्हणाली असती, तू हुसकावलंस म्हणून चढलं. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पेल्याकडे बघत राहिली. शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

झुरळाने पुन्हा काचेला पाय लावला. या वेळी तो काढला नाही. दुसरा लावला, तिसरा लावला, आणि जिन्यावरून जावं तसं ते सरळ वर चढत गेलं. काठावर आलं, बाहेरच्या बाजूने खाली उतरलं.

थोरलीने पायातली चप्पल काढली, पण मारणार कुठे? झुरळ क्षणभरही गोंधळलं नाही. मिठाच्या बरणीला वळसा घालून, शेगडीच्या मागून ते थेट थोरलीच्या चकचकीत फडताळाकडे निघालं. फडताळ आणि भिंत यांच्यामधल्या बारीक फटीत ते शिरलं, आणि आत कुणीतरी जागा करून द्यावी तशी खसफस झाली. एकाची नव्हे, पुष्कळांची.

फवारणीवाल्याने पाठीवरची टाकी खाली उतरवली आणि सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी मांडीवरची टरफलं गोळा केली आणि धाकटीच्या चाळणीत टाकली.

"थोरले," त्या म्हणाल्या, "पाहुण्याला एवढी वाट पाठ नसते."