सोडा म्हणजे सोडा

"दोर सोडा!" जावई खालून ओरडला, आणि मास्तरांनी दोर सोडला.

सोडला म्हणजे सोडलाच. दोघे ओढ्याच्या वाटेने घळ उतरायला आले होते. कड्यावरच्या लोखंडी कडीत ओवलेल्या दोराच्या एका टोकाला बॅग बांधलेली होती, दुसरं टोक मास्तरांच्या हातात होतं. ते सुटल्याबरोबर बॅग धाडकन डोहात पडली आणि तिच्यामागून अख्खा दोर कडीतून सळसळत खाली आला. जावयाने झेप घेतली, पण हाती गार पाण्याशिवाय काही लागलं नाही. बॅग डुलत डुलत निघाली आणि डोहाच्या तोंडाशी दोन दगडांच्या बेचक्यात जाऊन बसली. कोरडे कपडे, जेवणाचा डबा, जादा दोर, दोघांचे फोन, सगळं तिच्यात होतं.

"अहो बाबा, सगळा कशाला सोडलात?"

"आपण 'सोडा' म्हणालात." वरून शांत आवाज आला.

"हळूहळू सोडा असं म्हणायचं होतं मला!"

"मग क्रियाविशेषण कुठे गेलं?"

मास्तरांनी छत्तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या पोकळीत एक माणूस वर आणि एक खाली असला, की 'सोड' म्हणजे ढील दे आणि 'बास' म्हणजे थांब, हे त्याच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. मास्तर 'बास'ची वाट न पाहताच मोकळे झाले होते.

डोहाची खोली बघायला आपण आधी उतरलो, तिथेच चुकलं, असं जावयाच्या मनात आलं. पण आता उपयोग काय? घळीच्या तोंडाशी गाडीजवळ थांबलेली बायको सकाळी एवढंच म्हणाली होती, "बाबांना जसे नेतोयस तसे परत आण." जसे म्हणजे हेल्मेट, चष्मा आणि नव्या कवळीसकट. कवळी बसल्यापासून मास्तरांचा 'स' इतका स्वच्छ झाला होता, की ते साधं 'हो' म्हणायचं सोडून 'सर्वस्वी सहमत' म्हणू लागले होते.

जावई बॅगेकडे वळला आणि जागीच थांबला. मघापर्यंत डोहाच्या तळाचे खडे मोजता येत होते. आता काड्या आल्या, मग पानं, मग पाणी गढूळ झालं. घळीच्या फटीतून दिसणारं आभाळ निळंशार होतं. म्हणजे पाऊस मागे डोंगरावर कुठेतरी पडत होता आणि त्याचं पाणी इकडे निघालं होतं. वर मास्तरांच्या घोट्याशी असलेला प्रवाह पोटरीला लागला.

"बाबा, बॅग गेली खड्ड्यात! उडी मारा! डोह पुरुषभर खोल आहे, मी पाहिलाय!"

"परतीचे दोर कापले म्हणतात ते हेच." मास्तरांनी खाली वाकून पाहिलं आणि लगेच मागे सरकले. "पण जावईबापू, उडी मारायची, का घ्यायची?"

"टाका! काहीही करा, पण खाली या!"

"'काहीही करा' हे फार मोघम झालं." माणूस घाबरला की आपल्या धंद्यात शिरतो.

शेवटी त्या उडीला कुठलंच क्रियापद लागलं नाही. पाण्याचा लोंढा मागून आला आणि त्याने मास्तरांना ढकललं.

ते डोहात पडले, बुडाले, वर आले. हेल्मेट वर आलं नाही, कारण पट्टा हनुवटीला टोचतो म्हणून त्यांनी तो बांधलाच नव्हता. चष्माही आला नाही. जावयाने त्यांचं बखोट धरलं, आणि दोघेही लोळत लोळत डोहाच्या तोंडाशी आले. तिथे कपारीतून एक मूळ बाहेर आलं होतं. जावयाने ते एका हाताने पकडलं, दुसऱ्या हाताच्या मनगटाला मास्तरांनी मिठी मारली. बॅग तिथेच होती, हातभर अंतरावर. वाढत्या पाण्याने ती बेचक्यातून निसटू पाहत होती.

"बाबा, हे मूळ धरा. एक क्षण तुम्हाला सोडतो, तेवढी बॅग..."

"फोडू नकोफ!"

जावई थबकला. "काय?"

"अरे, फोडू नकोफ रे मला!"

कवळी गेली होती. तिच्याबरोबर तो स्वच्छ 'स' गेला होता. आणि लग्नानंतरची सहा वर्षं मास्तरांनी जावयाशी, शाळा तपासनीसाशी बोलावं तसं, जपलेलं 'आपण', तेही त्याच पाण्यात गेलं होतं. वाक्य पार अशुद्ध होतं, पण अर्थाबद्दल ह्या वेळी शंका नव्हती.

बॅग निसटली, तिने एक गिरकी घेतली आणि ती दोरासकट वळणाआड गेली. जावयाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तासाभराने दोघे काठाकाठाने लंगडत गाडीशी पोचले. बायको टॉवेल घेऊन पुढे आली आणि तिने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"हेल्मेट कुठेय? चष्मा? अरे, बॅग कुठेय? आणि दोर?"

जावई काही बोलणार, तोच मास्तरांनी त्याला नजरेने गप्प केलं.

"मी फोडलं," ते म्हणाले. "फगळं."

"फोडलं?"

"सोडलं म्हणतायत," जावई म्हणाला.

तिने टॉवेल पुढे केला. मास्तरांनी तो डाव्या हाताने घेतला. उजव्या हातात अजून जावयाचं मनगट होतं.