तीस सीटांची गाडी

"काका, खोटी आशा दाखवत नाही," रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवत डॉक्टर म्हणाली. "पांढऱ्या पेशींचं प्रमाण बिघडलंय, प्रोटीनही कमी आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी ज्यांचं रक्त असं असतं, त्या शंभरातले तीसेक जण पाच वर्षं गाठतात."

शेजारी बसलेल्या काकांच्या बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. काकांनी उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेली. गालातल्या गाठीमुळे आता तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

"गाडी सुटली का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"ऑपरेशनची वेळ गेली का?"

"छे! सोमवारी तर आहे."

"मग रडतेस काय?" काका बायकोकडे वळले. "तीस सीटांच्या गाडीत शंभर माणसं कोंबलीत मी. एकदा पायरीला पाय लागला, की माणूस खाली राहत नाही."

डॉक्टरला हसू आवरेना. "तंबाखू मात्र उतरवायची हं."

"ती मागच्याच स्टॉपला उतरली."

बाहेर बाकं गच्च भरली होती. काका आणि बायको कशीबशी टेकली. समोर एक माणूस भिंतीला धरून उभा होता. हातात तसलाच रिपोर्ट, चेहरा पांढराफटक. काकांनी बायकोला कोपरानं ढोसलं, स्वतः अंग चोरलं आणि दोघांच्या मधे वीतभर फळी मोकळी केली.

"या हो," जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडून ते म्हणाले, "जागा होते."