सगळ्यात मोठा पंखा

निलंग्याच्या दुकानात व्यंकटरावांनी बाथरूमचे सगळे एक्झॉस्ट फॅन काउंटरवर काढायला लावले.

"रोज किती जण आंघोळ करता?" दुकानदारानं विचारलं. "ओल किती साचती, त्यावर साइज ठरते."

"कशाची ओल, मालक? नळ आठव्या दिवशी येतो. तांब्याभर पाण्यात उरकतो."

"मग फॅन कशाला?"

"तुम्ही सगळ्यात मोठा द्या."

रविवारी व्यंकटरावांच्या सत्यमला बघायला पोरीकडचे पावणे आले. घर बघता बघता पोरीचा बाप बाथरूमच्या दारात थबकला. भिंतीत परातीएवढा पंखा बसवला होता.

"ह्यो कशाला?"

"काय सांगू पावणं," व्यंकटरावांनी सुस्कारा टाकला, "पाण्यानं लई वैताग आणलाय. ओल हटतच न्हाई."

पावण्यांचा चेहरा उजळला. लेकीची दोन स्थळं त्यांनी नुसत्या पाण्याच्या टंचाईपायी मोडली होती.

"ठरलं! फोडा सुपारी!"

व्यंकटरावांनी बायकोकडं बघत मिशीत हसू दाबलं. तोवर पावण्यांनी पिशवीतनं टॉवेल काढून खांद्यावर टाकला होता.

"पण आधी आंघोळी उरकून घेतो. आमच्याकडं पंधरा दिस झाले, नळ न्हाई. अकराच जण हाव, रांगेनं घेतो."